हातातला मीटर एफ/८ म्हणतो, कॅमेरा एफ/११: आकडा कोणाचा धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा: आयएसओ १००, शटर १/१२५. पांढऱ्या घुमटाचा हातातला मीटर, म्हणजे उजेड मोजायचं उपकरण, एफ/८ सांगतो आणि त्याच जागी कॅमेऱ्यातला मीटर एफ/११ वर शून्य दाखवतो, म्हणजे एक स्टॉप कमी एक्सपोजर मागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा; एफ आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक लहान). लेन्स बदलली की फरक थोडा घटतो, कॅमेरा दुसरीकडे वळवला की कधीकधी उलटाच होतो. दोन्ही उपकरणं नवी आहेत. मग बिघाड कोणात?

बहुतेक वेळा कोणातच नसतो. फरक किती आहे यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो हे आधी पाहा, कारण सगळं निदान तिथेच होतं. कशाकडेही रोखा, फरक तेवढाच राहत असेल तर तो कॅलिब्रेशनचा; एकदा मोजायचा आणि कायमचा वळता करायचा. विषय बदलला की बदलत असेल तर दोन मीटर दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहेत. लेन्स, फिल्टर किंवा फोकसच्या अंतराबरोबर बदलत असेल तर कारण काचेत आहे. आणि उन्हात जुळतो पण अंधुक खोलीत भरकटतो असं असेल, तरच सेल, बॅटरी किंवा सर्किट यांच्यावर संशय घ्यावा. लोक नेमकी या शेवटच्या शक्यतेपासून सुरुवात करतात आणि चांगला मीटर दुरुस्तीला देऊन मोकळे होतात.

त्याआधी एक साधी खात्री करून घ्या: मीटरवरचा आकडा नीट वाचला जातो आहे ना? डिजिटल मीटरवर एफ/८ च्या शेजारी लहान ५ दिसला तर ते एफ/८.५ नव्हे. तो ५ म्हणजे स्टॉपचे दहापैकी पाच भाग. एफ/८ च्या पुढे अर्धा स्टॉप, म्हणजे एफ/९.५. शेजारी ३ असेल तर कॅमेऱ्यावर एफ/९, ७ असेल तर एफ/१०. शिवाय कॅमेरा एक तृतीयांशाच्या पावलांवर आणि मीटर अर्ध्याच्या पावलांवर लावलेला असेल तर निव्वळ आकडा जवळच्या पायरीवर बसवताना पाव स्टॉपचा घोळ होतो. दोन्हींवर एकच पाऊल ठेवा. मीटरमध्ये दशांश दाखवायची सोय असेल तर तीच वापरा.

पडणारा उजेड आणि परत येणारा उजेड

घुमट लावलेला मीटर विषयावर पडणारा उजेड मोजतो. विषय पांढरा की काळा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॅमेऱ्यातला मीटर विषयावरून परत आलेला उजेड मोजतो आणि समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. सुमारे ९० टक्के उजेड परत पाठवणारी पांढरी भिंत १८ टक्क्यांच्या करड्या कार्डाच्या पाचपट उजळ असते, म्हणजे जवळजवळ सव्वादोन स्टॉप. कॅमेरा तिला करडी करायला बघतो आणि तेवढंच एक्सपोजर कमी सांगतो. ४ टक्क्यांच्या काळ्या कोटावर तो साधारण दोन स्टॉप जास्त सांगतो. तेव्हा फ्रेममध्ये उजळ गोष्टी जास्त आहेत आणि कॅमेरा कमी एक्सपोजर मागतो आहे, किंवा गडद गोष्टी जास्त आहेत आणि तो जास्त मागतो आहे, असा प्रकार असेल तर घुमटाचा आकडा धरा. एफ/८ विरुद्ध एफ/११ हा तुमचा एका स्टॉपचा फरक फिकट भिंत किंवा आभाळाची एक पट्टी फ्रेममध्ये आल्याने सहज पडू शकतो.

घुमट मात्र सगळीकडे चालत नाही. जी वस्तू स्वतः उजेड देते किंवा जिच्यातून उजेड आरपार येतो तिथे त्याचा उपयोग नाही: मावळतीचं आभाळ, दिव्यांची पाटी, मेणबत्तीची ज्योत, रंगीत काचेची खिडकी, पाठीमागून ऊन आलेलं पान, धूर. चकचकीत धातूचंही तेच, कारण त्यावर दिसतं ते प्रतिबिंब. तुम्ही ढगाच्या सावलीत आहात आणि समोरचा डोंगर उन्हात, तर घुमट सावलीच मोजणार. अशा वेळी कॅमेऱ्यातला मीटर किंवा हातातला स्पॉट मीटर (फक्त एक छोटा भाग मोजणारा) वापरा आणि कोणता भाग किती उजळ हवा ते स्वतः ठरवा. आणखी एक बारकावा: काळ्या मखमलीवर घुमटाचा आकडा तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतो, काळं काळंच येतं, पण पोत दिसायला हवा असेल तर अर्धा स्टॉप उघडावं लागतं. स्लाइड फिल्मवर पांढऱ्या विषयासाठी याच्या उलट, अर्धा स्टॉप बंद.

तुलना करताना कॅमेऱ्याचं मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह मीटरिंग बंदच ठेवा. निकॉनने १९८३ मध्ये एफए कॅमेऱ्यात बहुविभागी मीटरिंग आणलं तेव्हापासून या पद्धतीचा आकडा हा मोजमापापेक्षा निर्णय जास्त असतो. फ्रेमचे तुकडे पाडून कॅमेरा अंदाज बांधतो: वर आभाळ असेल, हा पाठीमागून आलेला उजेड असेल, हा चेहरा असेल. आजचे कॅमेरे यात फोकस बिंदूलाही वजन देतात, त्यामुळे उजेड तोच असताना नुसता फोकस बिंदू हलवला तरी आकडा हलतो. फोटो काढायला ही पद्धत उत्तम आहे. पण तिचा आकडा मीटरच्या आकड्याशी ताडून पाहणं म्हणजे तराजूची तुलना दुकानदाराच्या अंदाजाशी करणं.

स्पॉटवर गेलात तरी दोन स्पॉट सारखे नसतात. हातातल्या स्पॉट मीटरचा कोन बहुधा १ अंश असतो आणि तो बदलत नाही. कॅमेऱ्यातला स्पॉट हे फ्रेमवरचं ठरावीक मापाचं वर्तुळ असतं, त्याचा कोन लेन्सवर ठरतो. निकॉनच्या अनेक फुल फ्रेम कॅमेऱ्यांत हे वर्तुळ ४ मिमीचं, म्हणजे फ्रेमच्या सुमारे १.५ टक्के. ५० मिमी लेन्सवर ते साडेचार अंश व्यापतं, २४ मिमीवर साडेनऊ अंश, २०० मिमीवर सव्वा अंशाहून थोडं कमी. तीन मीटरवरच्या माणसावर १ अंशाचा स्पॉट पाच सेंटिमीटरचा गाल मोजतो, तर २४ मिमी लेन्सवरचा कॅमेऱ्याचा स्पॉट अर्धा मीटर रुंद पट्टा मोजतो. त्यात चेहरा, केस, कॉलर आणि मागची भिंत सगळंच आलं.

घुमट सरकवून परावर्तित मोजणाऱ्या साध्या मीटरांचं याच्या उलट होतं. सेकॉनिक एल-३०८ चा परावर्तित कोन ४० अंशांचा आहे. २०० मिमी लेन्सची फ्रेम कर्णावर मोजली तर १२ अंशांची. कॅमेरा फक्त झाड पाहतो, मीटर झाडासोबत आभाळही पाहतो. जवळ जाऊन मोजा किंवा मीटर थोडा खाली झुकवा. याच मीटरात घुमट अर्धवट सरकलेला राहणं ही फार नेहमीची चूक आहे. आकडा भलताच येतो आणि मीटरला दोष दिला जातो.

करड्या कार्डावरही जुळत नाही, तेव्हा

इथे मुद्दा थोडा खोलात जातो, पण याच एका गोष्टीमुळे सर्वांत जास्त डोकी पिकली आहेत.

परावर्तित मीटरच्या गणितात एक स्थिरांक असतो, त्याला के म्हणतात. पडणारा उजेड मोजणाऱ्या मीटरच्या गणितातल्या स्थिरांकाला सी म्हणतात. आयएसओ २७२० हे १९७४ चं मानक या दोन्हींसाठी एकच आकडा देत नाही, पट्टा देतं: के साठी १०.६ ते १३.४, सपाट चकतीच्या (घुमटाऐवजी लावायच्या) सी साठी २४० ते ४००, घुमटाच्या सी साठी ३२० ते ५४०. या पट्ट्यात उत्पादकाने आपला आकडा निवडायचा. कॅनन, निकॉन आणि सेकॉनिक यांनी के १२.५ धरला; मिनोल्टा आणि पेंटॅक्स यांनी १४, म्हणजे पट्ट्याच्या किंचित बाहेर. नुसत्या या निवडीमुळे एकच भिंत पाहणाऱ्या दोन निर्दोष मीटरांत सहावा भाग स्टॉप फरक पडतो. चौदावाला थोडं जास्त एक्सपोजर सांगतो.

आता के आणि सी एकत्र धरा. के १२.५ आणि घुमटाचा सी ३४० असेल तर दोन्ही मीटर ज्या पृष्ठभागावर तंतोतंत जुळतील तो १८ टक्क्यांचा नसतो, साधारण साडेअकरा टक्क्यांचा असतो. १८ टक्क्यांच्या कार्डावर परावर्तित मीटर घुमटापेक्षा ०.६४ स्टॉप, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश स्टॉप कमी एक्सपोजर सांगणारच. त्यात बिघाड काही नाही, ते गणित आहे. सपाट चकतीचा सी २५० धरला तर जुळणी १५.७ टक्क्यांवर होते आणि कार्डावरचा फरक ०.२ स्टॉपवर येतो. म्हणून सपाट कार्ड ताडून पाहताना घुमट आत घ्या किंवा चकती लावा. घुमट त्रिमितीय विषयासाठी आहे, चेहऱ्यासारख्या. सपाट कागदाशी त्याची तुलना मुळात बरोबरीची नाही.

तुमच्या एका स्टॉपपैकी दोन तृतीयांश इथेच सापडण्याची शक्यता बरीच आहे, तुलना करड्या कार्डावर केली असेल तर.

कार्ड धरण्याची पद्धतही आकडा हलवते. कार्डाचं तोंड कॅमेरा आणि मुख्य दिवा यांच्या मधल्या दिशेला हवं, आणि त्यावर चकाकी दिसता कामा नये. दिव्याकडे सरळ असलेलं कार्ड ४५ अंशांनी वळवलं की त्यावर पडणारा उजेड सत्तर टक्क्यांवर येतो. अर्धा स्टॉप तिथेच गेला. गुळगुळीत कार्डावर चकाकी आली तर चूक उलट्या बाजूला होते. कार्डाऐवजी तळहात वापरायचा असेल तर तो बहुतेकांचा करड्या कार्डापेक्षा एक स्टॉपच्या आसपास उजळ निघतो, पण माणसागणिक फरक असतो. आपला तळहात एकदा कार्डाशी ताडून तो आकडा लक्षात ठेवा.

घुमट कुठे रोखायचा याबद्दलही गोंधळ आहे. विषयाच्या जागी उभं राहायचं आणि घुमट लेन्सकडे रोखायचा, दिव्याकडे नाही. दिव्याकडे रोखला की आकडा फक्त त्या दिव्याचा येतो आणि सावलीची बाजू हिशोबातून सुटते. तो आकडा दोन दिव्यांचं गुणोत्तर काढायला कामाचा, तेही घुमट आत घेऊन. मोजताना स्वतःची सावली घुमटावर पडू देऊ नका. पांढरा शर्ट घालून मीटर छातीशी धरला तर शर्टावरून उडालेला उजेडही त्यात शिरतो, म्हणून हात लांब करा. विषय दूर असेल आणि दोघेही त्याच उन्हात असाल तर मागे न जाता तिथूनच, घुमटाची दिशा तीच ठेवून मोजता येतं.

पाठीमागून उजेड असताना दोन्ही मीटर सर्वांत जास्त भांडतात. घुमट लेन्सकडे असेल तर तो चेहऱ्याची सावलीची बाजू मोजतो. पार्श्वभूमी पांढरीफट होईल याची त्याला फिकीर नाही. कॅमेरा पार्श्वभूमी वाचवायला बघतो. मधला मार्ग म्हणून दोन वाचनं घेता येतात: एक लेन्सकडे, एक उजेडाकडे. पहिलं एफ/४ आणि दुसरं एफ/११ आलं, म्हणजे अंतर तीन स्टॉपचं, तर मधला आकडा एफ/६.७. स्लाइडवर आणि जेपेगवर ही तडजोड बरी पडते. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) चेहरा महत्त्वाचा असेल तर पहिल्या वाचनाच्या जवळ राहा.

लेन्समधून मीटरला काय दिसतं

कॅमेऱ्यातला मीटर लेन्समधून पाहतो, म्हणून लेन्समध्ये हरवलेला उजेड त्याच्या हिशोबात आपोआप येतो. हातातल्या मीटरला तुमच्या कॅमेऱ्यावर काय लावलं आहे हे माहीतच नसतं.

एफ आकडा हे निव्वळ भूमितीचं माप आहे. काचेतून प्रत्यक्ष किती उजेड पलीकडे जातो ते टी आकडा सांगतो. एफ/१.४ ची लेन्स टी १.७ असेल तर दोन्हींतलं अंतर अर्ध्या स्टॉपहून किंचित जास्त आहे. पण हे सगळं जसंच्या तसं मीटरच्या आकड्यात मिळवू नका. फिल्मच्या वेगाच्या आणि मीटरच्या मानकांत काचेचा सुमारे दहा टक्के तोटा आधीच गृहीत आहे, म्हणजे ०.१५ स्टॉप. त्यामुळे प्रत्यक्षात उरतो तो ०.४. चांगल्या साध्या लेन्सवर हा उरलेला फरक इतका किरकोळ असतो की विसरलेलं बरं. खूप भिंगांच्या झूमवर तो दिसायला लागतो. टोकाचं उदाहरण सोनीच्या १०० मिमी एफ/२.८ एसटीएफ लेन्सचं. बोकेसाठी, म्हणजे फोकसबाहेरच्या मऊ धूसरपणासाठी, तिच्यात कडेकडे गडद होत जाणारा घटक बसवला आहे आणि ती टी ५.६ आहे. लेन्सवर एफ/२.८ वाचून हातातल्या मीटरने एक्सपोजर ठरवलं तर फोटो दोन स्टॉप अंधारा येईल.

इथली दिशा लक्षात घ्या. लेन्सचा तोटा कॅमेऱ्याला जास्त एक्सपोजर मागायला लावतो, तर करड्या कार्डावरचा के आणि सी चा हिशोब कमी मागायला लावतो. दोन्ही एकमेकांना काही अंशी खातात. जड झूम लावली की तुमचा फरक घटतो तो यामुळेच. तिथे मीटर सुधारलेला नसतो, दोन चुका समोरासमोर आलेल्या असतात.

जवळच्या फोटोत फरक झपाट्याने वाढतो. लेन्स सेन्सरपासून जितकी पुढे सरकेल तितका उजेड पसरतो. १५० मिमी लेन्सचं बेलो (लेन्स पुढे-मागे नेणारा घडीचा भाता) २०० मिमीपर्यंत ताणलं तर २०० भागिले १५०, त्याचा वर्ग, १.७८, म्हणजे ०.८ स्टॉप जास्त हवा. एकास एक आकाराला साध्या रचनेच्या लेन्सवर पूर्ण दोन स्टॉप जातात. एक्स्टेन्शन ट्यूबवरही हेच, आणि ट्यूब लावल्याने कॅमेऱ्यावरचा एफ आकडा बदलत नाही. मॅक्रो लेन्सबाबत मात्र कंपनीनुसार वागणूक वेगळी आहे. निकॉनचे कॅमेरे मायक्रो लेन्स जवळ फोकस केल्यावर प्रभावी एफ आकडा दाखवतात, म्हणून मीटरचा आकडा थेट लावायचा, वर आणखी काही जोडायचं नाही. कॅननवर आकडा मूळचाच राहतो, तिथे तुम्ही जोडायचं. हे माहीत नसलं की एका कॅमेऱ्यावर दुप्पट भरपाई होते, दुसऱ्यावर अजिबात होत नाही. टेलिकन्व्हर्टर १.४ पटीचा असेल तर एक स्टॉप, २ पटीचा असेल तर दोन. इलेक्ट्रॉनिक जोडणी असेल तर कॅमेरा बदललेला एफ आकडा दाखवतो, नसेल तर हिशोब तुमचा.

फिल्टरवर छापलेला आकडा म्हणजे स्टॉप नव्हे. एनडी, म्हणजे फक्त उजेड कमी करणारा करडा फिल्टर: एनडी ८ म्हणजे आठ स्टॉप समजणारे पुष्कळ आहेत. तो आठवा भाग उजेड सोडतो, म्हणजे तीन स्टॉप. ०.९ लिहिलेलाही तीनच स्टॉपचा, कारण ०.३ ला एक स्टॉप. पोलरायझर सव्वा ते दोन स्टॉप खातो. अर्धपारदर्शक आरशाच्या एसएलआरवर साधा लिनिअर पोलरायझर लावला तर कॅमेऱ्यातला मीटर फिल्टर फिरवेल तसा चुकत जातो; तिथे सर्क्युलरच हवा. कृष्णधवल फिल्मवर गडद लाल फिल्टर ही आणखी एक फसवी जागा. लाल उजेडाला सेलचा प्रतिसाद आणि फिल्मचा प्रतिसाद सारखा नसतो. फिल्टरमधून पाहणाऱ्या सेलला उजेड भरपूर वाटतो, फिल्मला तो कमी पडतो, आणि निगेटिव्ह पातळ निघते. लाल २५ क्रमांकासाठी फिल्टर काढून मोजा आणि तीन स्टॉप जोडा. अशा वेळी हातातला मीटरच भरवशाचा.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरच्या एसएलआरवर कॅमेरा ट्रायपॉडवर असेल आणि डोळा आयपीसला नसेल तर मागून शिरलेला उजेड मीटरपर्यंत पोहोचतो आणि फोटो अंधारा येतो. एरवी हा फरक थोडा असतो. दहा स्टॉपचा एनडी लावला की पुढून येणारा उजेड हजारावा भाग उरतो आणि मागून येणारा तेवढाच राहतो. तेव्हा आकड्याला काही अर्थच उरत नाही. आयपीसचं झाकण लावा, किंवा फिल्टर काढून मोजा. मिररलेसमध्ये सेन्सरच मोजतो, तिथे ही भानगड नाही.

आयएसओ १०० आणि आयएसओ १००

डिजिटल कॅमेऱ्यावरचा आयएसओ आकडा ठरवण्याच्या एकाहून जास्त पद्धती आयएसओ १२२३२ या मानकात आहेत. २००६ च्या आवृत्तीत जेपेगच्या मध्यम करड्या पातळीवरून ठरवण्याची एक पद्धत आली आणि उत्पादकाने शिफारस केलेला आकडा ही दुसरी. पहिलीत १८ टक्क्यांचा करडा एसआरजीबीमध्ये ११८ वर येतो. दुसरीत उत्पादकाला जे योग्य वाटेल ते. कॅमेऱ्याचा मीटर त्याच कॅमेऱ्याच्या सेन्सरशी जुळवलेला असतो, म्हणून तिथे काही जाणवत नाही. हातातला मीटर मात्र आकडा शब्दशः घेतो, आणि एक तृतीयांश स्टॉपची तफावत यातूनही येऊ शकते. शिवाय हायलाइट वाचवणाऱ्या सोयी, जशी कॅननची हायलाइट टोन प्रायॉरिटी किंवा निकॉनची अॅक्टिव्ह डी-लायटिंग, एक्सपोजरला किंवा टोनला गुपचूप हात लावतात. ताडताना त्या बंद. ऑटो आयएसओही बंद. ते चालू ठेवून तुलना करणाऱ्यांची संख्या वाटते त्याहून मोठी आहे.

जुने मीटर

सेलेनियमच्या मीटरला बॅटरी लागत नाही, पण सेल वर्षांनुवर्षांत मंदावतो आणि अंधुक उजेडात आधी दगा देतो. कॅडमियम सल्फाइडच्या सेलला आठवण असते: भर उन्हातून आत आलात की मिनिटभर तरी तो उन्हाच्या धुंदीत असतो. सिलिकॉन सेलला हे दोन्ही दोष नाहीत.

जुन्या कॅमेऱ्यांत बॅटरीचा घोळ सर्वांत मोठा. पीएक्स ६२५ ही पाऱ्याची बॅटरी १.३५ व्होल्टची होती आणि शेवटपर्यंत तेवढाच दाब द्यायची. तिच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की अनेक साध्या सर्किटांत काटा जास्त वर जातो, उजेड जास्त आहे असं वाटतं आणि फोटो एक स्टॉपपर्यंत किंवा त्याहूनही अंधारे येतात. अल्कलाइनचा दाब वापराबरोबर उतरत जातो, म्हणून चूकही रोज वेगळी. आयएसओ बदलून हे नीट दुरुस्त होत नाही, कारण काट्याच्या दोन टोकांना चूक सारखी नसते. श्रवणयंत्राची ६७५ झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्ट स्थिर देते, मात्र सील काढल्यावर काही आठवड्यांत वाळते. दुसरा मार्ग सिल्व्हर ऑक्साइड बॅटरीसोबत दाब उतरवणारा शॉट्की डायोड. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या ब्रिज सर्किटच्या (बॅटरीच्या दाबावर आकडा न हलणाऱ्या) कॅमेऱ्यांना हा त्रास नाही. सुटा मीटर असेल तर घुमट पिवळा पडला आहे का, दुसऱ्या मॉडेलचा बसवला आहे का, तेही पाहा.

एकदाच करायची चाचणी

ढगाळ आभाळाचा किंवा मोकळ्या सावलीतला स्थिर उजेड निवडा. ढग येत-जात असतील तर चाचणी पुढे ढकला. किमान ए४ आकाराचं मॅट करडं कार्ड भिंतीवर सपाट लावा. चारही कोपऱ्यांवर चकतीने मोजून पाहा, दशांशाहून जास्त फरक नको. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, भरपाई शून्य, स्पॉट मीटरिंग, ५० ते १०० मिमीची लेन्स एफ/५.६ वर, फिल्टर काढलेला. फोकस हाताने अनंतावर ठेवा. कार्ड धूसर दिसेल, ते हवंच आहे. पोत मीटरला त्रास देत नाही आणि लेन्स पुढे सरकल्याचा तोटाही राहत नाही. शटर फिरवत काटा शून्यावर आणा आणि आकडा लिहा.

मग हातातल्या स्पॉटने लेन्सच्या शेजारून त्याच ठिकाणी मोजा. हे सर्वांत प्रामाणिक ताडणं, कारण दोघेही परावर्तित उजेड पाहत आहेत. इथे तिसऱ्या भागापर्यंतचा फरक चालण्यासारखा. अर्ध्याच्या पुढे गेला तर कारण शोधा. त्यानंतर कार्डाला चिकटवून चकतीने आणि घुमटाने पडणारा उजेड मोजा. कॅमेऱ्याचा आकडा चकतीपेक्षा सुमारे ०.२ आणि घुमटापेक्षा ०.६ कमी एक्सपोजर सांगणारा आला, तर सगळं जागच्या जागी आहे. हीच तीन वाचनं उन्हात, उजळ खोलीत आणि अंधुक खोलीत पुन्हा घ्या. फरक ०.२ च्या आत स्थिर राहिला तर सेल आणि सर्किट ठीक. अंधारात वाढत गेला तर मीटर तंत्रज्ञाकडे.

निकाल मात्र फोटोने द्यायचा. घुमटाच्या आकड्यावर एक फ्रेम, मग एक तृतीयांशाच्या पावलांनी दोन्ही बाजूंना दोन-दोन. फ्रेममध्ये कार्डासोबत पोत असलेलं पांढरं आणि काळं कापड ठेवा. डिजिटलवर पांढऱ्याचा पोत टिकतो का ते रॉमध्ये पाहा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नाही. स्क्रीनवरचा हिस्टोग्राम जेपेगचा असतो. स्लाइडवरही पांढऱ्यावरून, निगेटिव्हवर सावलीतल्या तपशिलावरून ठरवा.

फ्रेम सतत एक तृतीयांश अंधाऱ्या येत असतील तर मीटरच्या कॅलिब्रेशन सेटिंगमध्ये तेवढी भरपाई द्या; अनेक डिजिटल मीटरांत ती दशांशाच्या पावलांनी देता येते. अधिक आणि उणे चिन्हांचा अर्थ मॉडेलप्रमाणे उलटसुलट असतो, म्हणून बदलल्यावर लगेच पुन्हा मोजा. अशी सोय नसेल तर आयएसओ १०० ऐवजी ८० लावा. दोन तृतीयांश हवा असेल तर ६४. पुढे कॅमेरा ४०० वर नेलात की मीटर ३२० वर न्यायचा, एवढं विसरू नका. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांतही प्रत्येक मीटरिंग पद्धतीला सहाव्या भागाच्या पावलांनी कायमची भरपाई देता येते. पण दुरुस्ती दोघांपैकी एकातच करा. दोन्हींत केली की काही महिन्यांनी मूळ कोणतं ते सांगता येत नाही.

कृत्रिम उजेडात चाचणी करायचीच असेल तर दिव्यांची लुकलुक सांभाळा. ५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मीटर त्यांची सरासरी घेतो, १/५०० चं शटर त्यातला एक तुकडा उचलतो, आणि लागोपाठच्या फ्रेम वेगवेगळ्या येतात. १/५० किंवा १/१०० वर राहा. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. मंद केलेले एलईडी याहून लहरी असतात.

स्टुडिओ फ्लॅशवर हा वादच उरत नाही: कॅमेऱ्यातला मीटर फक्त सभोवतालचा उजेड मोजतो, फ्लॅश त्याच्या गावीही नसतो. फ्लॅश मीटरचा आकडा लावा. तो विचित्र कमी येत असेल तर फ्लॅश टीटीएलवर (कॅमेराच फ्लॅशचा जोर ठरवतो त्या पद्धतीवर) राहिला असण्याची दाट शक्यता आहे; मीटर आधीच्या बारीक प्री-फ्लॅशवरच सुटतो आणि खरा झोत त्याच्या हातून निसटतो. फ्लॅश मॅन्युअलवर घेऊन पुन्हा मोजा.